कोणार्कची ग्रहशिला

कोणार्कला जाणारा प्रवासी रथाची चोवीस चाके मोजतो, सात घोडे शोधतो आणि परत फिरतो. पहिल्या खेपेस मीही तसाच परतलो होतो. दुसऱ्यांदा गेलो तो एका शिळेसाठी. मंदिराच्या आवाराच्या भिंतीलगत एका लहानशा देवळात ती ठेवलेली आहे. मी वही काढून बसलो, तेवढ्यात पुजाऱ्याने विचारले, "रास कोणती?" इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपेक्षित नसतो. क्षणभर थांबून मी म्हणालो, "कुंभ." त्याने मला शनीसमोर बसवले.

ही शिळा मुळात पूजेची मूर्ती नव्हती. गंगवंशीय राजा पहिला नरसिंहदेव याने तेराव्या शतकात हे मंदिर उभारले, तेव्हा जगमोहनाच्या पूर्वद्वारावर ती बसवलेली होती. ओडिशात दाराच्या माथ्यावर ग्रहपट्टी कोरण्याची प्रथा त्याहून कितीतरी जुनी आहे. भुवनेश्वरच्या सातव्या शतकातील परशुरामेश्वर मंदिराच्या पट्टीवर आठच ग्रह आहेत, केतू नाही. तो पुढच्या काळात आला. कोणार्कला नऊही आहेत. पहिले सात वारांच्या क्रमाने, रवीपासून शनीपर्यंत, पद्मासनात बसलेले. त्यांच्यानंतर उग्र मुखाचा, अर्ध्या देहाचा राहू आणि शेवटी सर्पपुच्छाचा केतू. या ग्रहांचे काम राखणदारीचे होते. आत जाणाऱ्याने त्यांच्याखालून जायचे. थांबायचे ते आतल्या सूर्यासमोर.

पुढे आतली पूजा थांबली आणि मंदिराचे दगड हलू लागले. त्यांपैकी एका स्थलांतराशी आपला संबंध आहे. १७५१ ते १८०३ या काळात ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्या अंमलात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीला नेऊन जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर उभा करण्यात आला. तो नेणारे मराठ्यांचे गुरू ब्रह्मचारी गोसावी, असे परंपरा सांगते. सोळा पैलूंचा, सुमारे तेहतीस फूट उंचीचा हा एकसंध स्तंभ आजही तेथे आहे. सूर्याचा सारथी जगन्नाथाच्या दारात उभा आहे आणि हजारो यात्रेकरू रोज त्याच्याजवळून जातात.

ग्रहशिलेचे नशीब वेगळे. १८६७ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने ती कलकत्त्याच्या संग्रहालयासाठी हलवण्याचा प्रयत्न केला. क्लोराइट दगडाची, जवळजवळ वीस फूट लांबीची ती शिळा वाळूतून ओढायची होती. वजन कमी व्हावे म्हणून कोरीव दर्शनी भाग मागच्या भागापासून कापून वेगळा केला गेला. तरीही ती थोडेच अंतर गेली. पैसा संपला आणि शिळा वाटेतच राहिली. १८९४ साली तेरा शिल्पे कलकत्त्याला पोचली. ही मात्र इथेच राहिली.

आणि राहिली म्हणून ती देव झाली. ज्या मंदिरातला मुख्य देव उरला नाही, त्याच्या दारावरचे राखणदार आज गावाची पूजा घेतात. शनिवारी लोक अधिक येतात. कलकत्त्याला गेलेल्या शिल्पांचे जतन चांगले होते, हे मी नाकारणार नाही. पूजेतल्या दगडाला तेल, फुले, वस्त्रे लागतात; अभ्यासकाला उघडा दगड हवा असतो. या दोन गरजांचा मेळ सहज बसत नाही. मला राहूच्या हातातली चंद्रकोर नीट पाहायची होती, पण ती फुलांखाली होती. फुले बाजूला करा, असे सांगणे मला जमले नाही.

फलज्योतिषावर माझा विश्वास नाही आणि त्या दिवशीही तो बसला नाही. पण आपण दगडाचा इतिहास लिहितो तो बहुतेक वेळा घडवणाऱ्या राजापाशी संपवतो, हे तिथे बसल्यावर उमगले. ही शिळा घडली तेराव्या शतकात. तिचे देवपण मात्र एकोणिसाव्या शतकातल्या फसलेल्या वाहतुकीतून आले. तोही इतिहासच आहे आणि तो अजून चालू आहे.

उठताना पुजाऱ्याने हातावर प्रसाद ठेवला. वहीत मोजमापे लिहायची राहिली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी होण्याआधी जाऊन घेतली.