गल्लीचे गटार आणि लहान पैशाचा मोठा हिशेब

गटार हा विषय वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला शोभत नाही, असे कुणाला वाटले तर मी त्यांना दोष देणार नाही. या व्यासपीठावरून आजवर वेदान्त झाला, राज्यशास्त्र झाले, साहित्य झाले. पण ज्यांच्यामध्ये माझा जन्म गेला, त्या कामगारवस्तीत सकाळी पहिला प्रश्न वेदान्ताचा नसतो. रात्री तुंबलेली मोरी आज कुणी काढायची, हा असतो. हल्ली या प्रश्नाला ‘नागरी पर्यावरण व्यवस्थापन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव बदलल्याने वास बदलत नाही. तरी नावाबरोबर पैसा आला. परदेशातून, बँकांच्या धर्मादाय निधीतून, सरकारच्या खास तरतुदींतून. हा पैसा बहुधा लहान लहान नमुन्याच्या कामांना मिळतो. त्यांना पथदर्शी प्रकल्प म्हणतात. पथ दाखवून झाला की बहुतेक प्रकल्प फलक मागे ठेवून निघून जातात. एक प्रकल्प मात्र गेला नाही. त्याचाच इतिहास मी सांगणार आहे.

हा इतिहास कराचीचा आहे. शेजारच्या देशाचे नाव निघाले की आपले कान टवकारतात. पण 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, आणि कराचीचा कारभार मुंबई सरकारच्या कायद्यांनीच चाले. तेव्हा घर अगदीच परके नाही. कराचीच्या वायव्येस ओरंगी नावाची वस्ती आहे. 1965 च्या सुमारास ती वसू लागली, आणि 1971 च्या युद्धानंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी फुगली. जमीन सरकारी, तुकडे पाडून विकणारे दलाल, नकाशा कुणाकडेच नाही. तिकडे अशा वस्तीला कच्ची आबादी म्हणतात. मुंबईत राहिलेल्या माणसाला निराळा खुलासा नको. घरे लोकांनी स्वतः बांधली. संडास होते ते टोपलीचे, नाहीतर शोषखड्ड्याचे. आणि सांडपाणी सरळ गल्लीत.

1980 साली या वस्तीत एक सहासष्ट वर्षांचा गृहस्थ येऊन हिंडू लागला. नाव अख्तर हमीद खान. जन्म आग्र्याचा, 1914 चा. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी. बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिला आणि 1945 मध्ये त्या नोकरीचा राजीनामा दिला. मग अलीगडजवळच्या खेड्यात मजुरी केली, कुलुपे दुरुस्त केली. आय. सी. एस. सोडून कुलपे दुरुस्त करणारा माणूस आपल्याला वेडा वाटतो. मला तो फार हिशेबी वाटतो. पुढे पूर्व बंगालमधील कोमिला येथे 1959 पासून त्यांनी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचा प्रयोग केला. तो गाजला, 1963 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि मग सरकारने तो देशभर नेला. देशभर नेताना पैसा मोकळ्या हाताने ओतला गेला, आणि संस्था बड्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन बसल्या. आपल्याकडील सहकाराची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मनातल्या मनात जिल्ह्यांची नावे भरावीत.

हा अनुभव गाठीशी घेऊन खानसाहेब ओरंगीत आले. त्यांना बोलावणारा आणि पैसा देणारा होता आगा हसन आबेदी, बी.सी.सी.आय. या बँकेचा संस्थापक. बँक 1972 ची, पसारा जगभर. बँकेच्या धर्मादाय प्रतिष्ठानाने ओरंगीत काहीतरी भले करायचे ठरवले होते. भले करणे म्हणजे साधारणतः काय असते? एक दवाखाना, शिलाई यंत्रांचे वाटप, फीत कापणे. खानसाहेबांनी ते नाकारले. मी दानधर्म करणार नाही, मी शोध घेईन, आणि त्याला वेळ लागेल, ही त्यांची अट. बँकेने ती मानली, हे बँकेच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे. कारण पुढे तिच्याविरुद्ध लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिले काही महिने त्यांनी काहीही बांधले नाही. माणूस नुसता गल्ल्यांतून फिरे, बोले, ऐके. लोकांनी जे सांगितले त्यात सगळ्यांत वर होते गटार. मग करत का नाही, असे विचारल्यावर जी उत्तरे मिळाली त्यांतून त्यांनी चार अडथळे काढले. पहिला मनाचा: हे काम सरकारचे, ते फुकट होणार, आपण वाट पाहायची. दुसरा समाजाचा: शेजारी शेजाऱ्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. तिसरा पैशाचा: सरकारी दराने गटार घालायचे तर घरदार विकावे लागेल. चौथा विद्येचा: ढाळ कसा काढायचा, चेंबर कसे ओतायचे, हे कुणालाच येत नाही.

आता लहान पैशाचे मर्म इथे आहे. प्रकल्पाने गटारासाठी एक रुपयाही दिला नाही. जो पैसा होता तो चौथ्या अडथळ्यावर आणि त्यातून तिसऱ्यावर खर्च केला. म्हणजे नकाशे काढणारी पोरे, लेव्हल घेऊन उंचसखल मोजणारे तंत्रज्ञ, चेंबर ओतण्याचे लोखंडी साचे, आणि गल्लोगल्ली जाऊन समजावणारे कार्यकर्ते. सरकारी आराखड्यातली जडजंबाल रचना मोडून सोपी केली. ठेकेदाराचा नफा गेला, आणि नफ्याबरोबर त्याच्या मागे उभी असलेली टक्केवारीची रांगही गेली. खर्च सरकारी अंदाजाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आला. घरातला संडास आणि गल्लीचे गटार धरून घरामागे साधारण हजार रुपये. हप्त्याहप्त्याने जमवले तर मजुराच्या आवाक्यातली रक्कम.

दुसऱ्या अडथळ्यावर तोड काढली ती मला सर्वांत आवडते. त्यांनी संपूर्ण मोहल्ला धरला नाही, गल्ली धरली. वीस, तीस घरे. इतक्या लहान जागेत कोण कुणाला फसवतो हे संध्याकाळपर्यंत कळते. गल्लीने आपल्यातला एक मुकादम निवडायचा, त्याने प्रकल्पाकडे अर्ज आणायचा, मग मोजणी होणार, अंदाजपत्रक मिळणार, साचे उसने मिळणार. पैसा मुकादमच गोळा करणार. प्रकल्प त्या पैशाला हात लावणार नाही. ज्याने कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षे वर्गणी गोळा केली आहे, त्याला या नियमाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. ज्याने पावती फाडून पैसे दिले तो सभेला येतो, मागे उभा राहून का होईना प्रश्न विचारतो. फुकट सभासद झालेला माणूस संप सुरू झाला की गावी जातो.

सगळे पहिल्या दिवसापासून सुरळीत झाले असे समजू नका. सुरुवातीच्या गल्ल्यांत काँक्रीट फुटले. लोक सिमेंट-वाळूचे प्रमाण चुकवीत, ओतलेल्या कामावर पाणी मारीत नसत. 1982 च्या सुमारास वास्तुशास्त्रज्ञ आरिफ हसन या कामात सल्लागार म्हणून आले. चुका तपासल्या, साचे बदलले, आणि कार्यकर्ते पुन्हा गल्ल्यांत गेले, मिश्रण कसे करायचे ते हाताने दाखवायला. अशी चूक सरकारी कामात झाली असती तर फाईल बंद झाली असती, कारण सरकारी पैशाला चुकण्याची परवानगी नसते. बिल वसूल करण्याची असते. लहान प्रकल्पाला पैसा द्यायचा तो चुकण्याची सोय म्हणून द्यायचा. त्याच सुमारास आबेदींनी संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञही ओरंगीत आणले. त्यांचा मार्ग निराळा होता: आधी उद्दिष्टे, आराखडा, मुदत. खानसाहेबांचे त्यांच्याशी जमले नाही, आणि दोन कामे वेगवेगळी चालली. नमुना म्हणून जग आज ज्याचे नाव घेते ते तज्ज्ञांचे काम नव्हे.

2000 सालाच्या आसपास हिशेब असा होता: सहा हजारांच्या आसपास गल्ल्या, 90 हजारांहून अधिक घरे, आणि लोकांच्या खिशातून गेलेले सुमारे आठ कोटी रुपये. दरम्यान ज्या बँकेने पैसा दिला ती 5 जुलै 1991 रोजी अनेक देशांतल्या नियामकांनी एकदम बंद केली. जगातल्या मोठ्या बँक घोटाळ्यांत तिचे नाव आहे. ठेवीदार बुडाले, ओरंगीची गटारे वाहत राहिली. कारण ती बँकेच्या पैशाने घातलीच नव्हती. 1988 मध्येच प्रकल्पाच्या वेगवेगळ्या स्वायत्त संस्था झाल्या होत्या, आणि गटारांचे काम संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे गेले होते.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. तो माझ्या स्वतःच्या छावणीतला आहे म्हणून टाळणार नाही. आमचे कार्यकर्ते विचारतील: साहेब लोकांच्या बंगल्यापुढचे गटार म्हापालिका फुकट घालणार, आणि मजुराने मात्र पोटाला चिमटा घेऊन स्वतःचे घालायचे? ही कुठली समता? हा तर सरकारला जबाबदारीतून मोकळे करण्याचा सोपा रस्ता. आक्षेप खरा आहे. ‘लोकसहभाग’ हा शब्द ज्या वेगाने सरकारी परिपत्रकांत शिरला, तो वेग पाहून कुणाही युनियनवाल्याने आपला खिसा चाचपावा.

पण ओरंगीत काय झाले ते नीट पाहा. त्यांनी कामाचे चार थर पाडले. घरातला संडास, गल्लीचे गटार, आणि गल्ल्यांचे पाणी घेणारे मधले गटार, हे आतले काम, ते लोकांचे. मोठे नाले, मुख्य वाहिन्या आणि शुद्धीकरण हे बाहेरचे काम, ते सरकारचे. ही रेघ ओढल्याने सरकार सुटले नाही, उलट सापडले. आमचे आम्ही केले, हे नकाशे, आता तुमचे करा, असे म्हणण्याची जागा लोकांना मिळाली. मागणीपत्र आम्हीही लिहितो, पण ज्या मागणीपत्रामागे अर्धे काम पूर्ण करून उभी असलेली वस्ती आहे, त्याचे वजन निराळे. हे वजन 1999 मध्ये दिसले. कराचीच्याच कोरंगी भागासाठी आशियाई विकास बँकेचा सुमारे दहा कोटी डॉलरचा सांडपाणी प्रकल्प येऊ घातला होता. त्यातले सात कोटी कर्ज. ओरंगीच्या लोकांनी दाखवून दिले की त्या भागात असलेली गटारे आणि नाले जमेस धरले तर याच्या लहानशा भागात काम होते. सिंधच्या राज्यपालांनी ते कर्ज घेतले नाही. कर्ज फेडावे लागले असते ते मजुरांनाच. लहान पैशातून निर्माण झालेल्या माहितीने मोठा पैसा अडवला, असे उदाहरण इतिहासात फार नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे एक काम पुण्यात झाले. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्यांची, बहुसंख्य स्त्रियांची युनियन. त्यांनी आधी हिशेब मांडला की आपण वेचलेल्या मालामुळे महापालिकेचा वाहतुकीचा किती पैसा वाचतो. मग घरोघर कचरा गोळा करण्याचे काम लहान प्रमाणावर करून दाखवले, आणि 2008 मध्ये ‘स्वच्छ’ या आपल्या सहकारी संस्थेमार्फत महापालिकेशी करार केला. इथेही आक्षेप तोच: वेतन महापालिकेकडून नाही, घरोघरच्या शुल्कातून. वाद चालू आहे आणि चालू राहावा. पण या बायकांना हटवून ठेकेदार आणायचा झाला तर त्यांच्या हाती आकडे आहेत, एवढा फरक पडला. आकडे नसलेल्या कंत्राटी कामगारांची काय गत होते, ते मी पुष्कळ फाटकांवर पाहिले आहे.

असो. ओरंगीकडे परत. खानसाहेब 9 ऑक्टोबर 1999 रोजी अमेरिकेत वारले. दफन ओरंगीत झाले. काम परवीन रहमान या वास्तुशास्त्रज्ञ बाईंनी पुढे नेले. 1983 पासून त्या या प्रकल्पात होत्या. त्यांनी गटारांबरोबर नाल्यांचे, गावठाणांच्या जमिनींचे, आणि चोरट्या पाणीउपशाचे नकाशे काढले. गटाराचा नकाशा कुणाला बोचत नाही. पाणी कुठून चोरले जाते आणि जमीन कोण बळकावतो, याचा नकाशा बोचतो. 13 मार्च 2013 रोजी घरी जाताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. डिसेंबर 2021 मध्ये खटल्यात शिक्षा झाल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या.

2020 च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत कराची बुडाली. त्यानंतर गुज्जर नाला आणि ओरंगी नाला यांच्या काठची हजारो घरे 2021 मध्ये पाडली गेली. कारण दिले अतिक्रमणाचे. नाले अरुंद होतात, घाणीने भरतात, त्यांना झाकून समुद्रापर्यंत नीट वाहते केले पाहिजे, हे रहमानबाई आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे नकाशे घेऊन सांगत आले होते. ते चौथ्या थराचे, म्हणजे सरकारचे काम होते. कराचीच्या सांडपाण्याचा फार मोठा भाग तेव्हाही शुद्ध न होताच अरबी समुद्राला मिळत होता. त्याच समुद्राच्या या काठावर मुंबई आहे.