चुकलेला इंडेक्स आणि अंदाजांचा वारसा

इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या सूचीप्रमाणे टेबलातील नोंदींचा ठावठिकाणा सांगणारी रचना, कधी वापरायची आणि कधी सगळे टेबल सलग वाचायचे, हे डेटाबेसमधील क्वेरी प्लॅनर ठरवतो; त्याच्या चुकलेल्या निवडींचे मूळ शोधू गेल्यास ते बहुधा १९७९ पर्यंत मागे जाते.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रारूपात कोणती माहिती हवी एवढेच माणसाने सांगायचे होते; ती कोणत्या वाटेने आणायची, हा भार यंत्रावर आला. तो पेलण्याची रीत आयबीएमच्या सॅन होजे येथील सिस्टम आर प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली: प्रत्येक वाटेचा खर्च आधी अंदाजाने काढायचा आणि सर्वांत स्वस्त वाट धरायची. हा खर्च किती नोंदी हाती लागतील यावर ठरत असल्याने, आकडेवारी नसेल तेथे ठोकताळे लावले गेले. इंडेक्स नसलेल्या रकान्यावरील समानतेच्या अटीला एक-दशांश नोंदी, ‘पेक्षा मोठा’ या अटीला एक-तृतीयांश. या एक-तृतीयांशाला विशेष आधार नाही, हे त्यांच्या १९७९ च्या निबंधातच नोंदवलेले आहे, आणि तो प्रामाणिकपणा मोलाचा आहे. अधिक दूरगामी ठरले ते दुसरे गृहीतक: रकाने परस्परांपासून स्वतंत्र मानून दोन अटींचे अंश सरळ गुणायचे.

महाराष्ट्राच्या ३५८ तालुक्यांत सारख्या वाटलेल्या १० लाख नोंदींचे टेबल कल्पावे. ‘जिल्हा पुणे आणि तालुका हवेली’ अशी अट आली की, केवळ ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके एवढेच ठाऊक असलेला प्लॅनर दोन्ही संख्यांनी भागून सुमारे ७८ नोंदी धरतो. हवेली पुणे जिल्ह्यातच असल्याने जिल्ह्याची अट नव्याने काहीच गाळत नाही आणि नोंदी निघतात सुमारे २,८००. या नोंदी दुसऱ्या टेबलाशी जोडायच्या असतील, तर ७८ फेऱ्यांच्या हिशेबाने निवडलेला त्या टेबलाचा इंडेक्स मग २,८०० वेळा धुंडाळावा लागतो. अशा वेळी दोष इंडेक्सला दिला जातो. खरा दोष त्याआधीच्या गुणाकारात असतो.

म्हणूनच निदानाच्या इतिहासात अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी दाखवणाऱ्या साधनांना मोठे स्थान आहे. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ’ हे असे साधन २००२ च्या ७.२ आवृत्तीत आले, आणि दोन आकड्यांत प्रथम फारकत कोठे पडते ते तपासणे शक्य झाले. तालुक्यावरून जिल्हा ठरतो, हे प्लॅनरला सांगणारी विस्तारित आकडेवारी २०१७ च्या १० व्या आवृत्तीत मिळाली. मात्र ती माणसाने मुद्दाम निर्माण करावी लागते, आणि केली नाही तर प्लॅनर आजही अशा दोन अटींचे अंश गुणतोच.