चालू सामन्यातला भाव : बास्केटबॉलच्या सट्ट्याची गोष्ट

इतिहासाच्या व्याख्यानात सट्टा कशाला, आणि तोही अमेरिकेतल्या बास्केटबॉलवरचा, असं काहींच्या मनात आलं असेल. पण निदान मुंबईकरांनी तरी ही शंका काढू नये. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद भाव तारेनं मुंबईत यायचा आणि त्यावर इथे पैसे लागायचे. 1961 च्या सुमाराला ते आकडे येणं थांबलं, मग मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरायला लागला. मटका हे नाव तिथून आलं. त्या कापसाच्या आकड्यावर मुंबईतल्या माणसाचा विश्वास का होता? कारण तो सात समुद्रांपलीकडे ठरत होता, इथल्या कुणाचा हात तिथपर्यंत पोचत नव्हता. म्हणजे सट्ट्यात दोन गोष्टी पाहायच्या. निकाल कुणाच्या हातात आहे, आणि तो सगळ्यात आधी कुणाला कळतो. या दोन गोष्टी डोक्यात ठेवून पुढचं ऐका.

बास्केटबॉल हा खेळ 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नायस्मिथ यांनी तयार केला, वायएमसीएच्या व्यायामशाळेत, हिवाळ्यात पोरांना आत बसून करायला काहीतरी हवं म्हणून. त्यात सट्ट्याची चलती झाली ती पुढे चाळीसेक वर्षांनी. 1934 पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका रात्री कॉलेजांचे दोन-दोन सामने व्हायला लागले. गर्दी आली, आणि गर्दीबरोबर बुकी आले. त्यांची अडचण अशी, की एक संघ तगडा आणि एक लेचापेचा असला तर लेच्यापेच्यावर पैसे लावणार कोण? त्यावर तोडगा निघाला तो गुणांच्या फरकाचा. म्हणजे तगडा संघ नुसता जिंकून चालणार नाही, समजा सहापेक्षा जास्त गुणांनी जिंकला तरच त्याच्यावर लावलेले पैसे सुटणार. या फरकाला ते लोक ‘स्प्रेड’ म्हणतात. याचं श्रेय बहुतेक वेळा शिकागोच्या चार्ल्स मॅकनील यांना देतात. सट्ट्यात येण्याआधी हे गृहस्थ गणिताचे शिक्षक होते.

कल्पना चलाख होती, पण तिच्या पोटातच खोट होती. पूर्वी खेळाडूला विकत घ्यायचं तर त्याला हरायला सांगावं लागे, आणि हरायला कुठला खेळाडू सहजासहजी तयार होईल? आता हरायची गरजच उरली नाही. जिंका, फक्त आठऐवजी चार गुणांनी जिंका. कप तुमचा, पैसेही तुमचे. पोराच्या मनाची समजूत किती सोपी झाली बघा.

1950 साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजनं देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. फी नसलेलं कॉलेज, गरिबांची पोरं, त्यात काळी पोरं आणि ज्यू पोरं एकत्र खेळत होती. शहरानं त्यांना डोक्यावर घेतलं. आणि 1951 च्या जानेवारीत मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉग या खेळाडूनं आपल्याला 1,000 डॉलर देऊ केल्याची तक्रार केली. तिथून धागा निघाला. सरकारी वकील फ्रँक होगन यांच्या तपासात सात कॉलेजांचे 32 खेळाडू आणि 1947 ते 1950 मधले 86 सामने आले. सिटी कॉलेजचे विजेते त्यात होते. केंटकीचे दोन खेळाडू, अ‍ॅलेक्स ग्रोझा आणि राल्फ बियर्ड, तोपर्यंत एनबीएत नामवंत झाले होते. त्यांना जन्मभरासाठी बाहेर काढलं. व्यावसायिक लीग या सगळ्यापासून वाचली असं तेव्हा म्हटलं गेलं, पण 1954 साली फोर्ट वेनचा जॅक मोलिनास आपल्याच संघावर पैसे लावताना सापडला, आणि पुढे 1961 च्या दुसऱ्या भानगडीत तोच मुख्य सूत्रधार निघाला.

आता ‘चालू सामन्या’कडे येतो. त्यासाठी घड्याळ समजून घ्यायला हवं. 1950 च्या नोव्हेंबरात एनबीएचा एक सामना झाला, फोर्ट वेन 19, मिनियापोलिस 18. चूक नाही, एकोणीस-अठरा! आघाडी घ्यायची आणि चेंडू नुसता धरून बसायचं. यावर सिरॅक्यूजचे संघमालक डॅनी बायसोन यांनी हिशेब मांडला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा बास्केटवर चेंडू मारतात, सामना 48 मिनिटांचा म्हणजे 2,880 सेकंदांचा. भागिले 120, उत्तर 24. 1954 पासून 24 सेकंदांत चेंडू मारलाच पाहिजे असा नियम आला आणि प्रत्येक संघाची सरासरी एका हंगामात 79 गुणांवरून 93 वर गेली.

खेळ वाचवायला आणलेला हा नियम पुढे सट्ट्याच्या कामी आला, हे बायसोनच्या स्वप्नातही नसेल. पण परिणाम स्पष्ट आहे. दर काही सेकंदांनी एक निकाल लागतो, आणि मधे टाइमआउट, फाउल, पाव सामन्याची विश्रांती. पैसे लावायला याहून सोयीचा खेळ शोधूनही सापडणार नाही.

तरी कित्येक वर्षं ‘चालू’ सट्टा म्हणजे फक्त मध्यंतर होतं. पंधरा मिनिटांत बुकी दुसऱ्या अर्धाचा नवा भाव काढणार आणि लोक फोनवर धावणार. इथे एका माणसाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॅनडातल्या विनिपेगचा हारालाबोस वुल्गारिस. त्याच्या लक्षात आलं, की सामन्यात एकूण 190 गुण होतील असा अंदाज असेल, तर बुकी सरळ दोन भाग करून दोन्ही अर्धांना 95-95 ठेवतात. पण खेळ तसा चालत नाही. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो, समोरच्याला फुकटचे फेक मिळतात, घड्याळ थांबतं, गुण वाढत जातात. म्हणजे पहिल्या अर्धात कमी आणि दुसऱ्यात जास्त. कुठला प्रशिक्षक फाउल लवकर सुरू करतो हेही त्यानं पाहून ठेवलं होतं. काही वर्षं या एका गोष्टीवर त्यानं भरपूर कमावलं. मग 2000 नंतरच्या काही वर्षांत बुकींनी हिशेब सुधारला आणि ती वाट बंद झाली. 2018 मध्ये डॅलसच्या संघानं त्यालाच आकडेवारीच्या कामासाठी नोकरीला ठेवलं.

जी युक्ती चालली ती समोरच्याच्या आळसावर चालली, आणि आळस कायम टिकत नाही.

2000 साली इंग्लंडमध्ये बेटफेअर सुरू झालं आणि सामना चालू असताना इंटरनेटवर भाव फिरू लागले. 2009 मध्ये लास व्हेगासला कँटर ही वॉल स्ट्रीटची मंडळी आली आणि शेअरबाजारातलं यंत्र त्यांनी खेळाला जुंपलं. मग 14 मे 2018 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1992 चा बंदीचा कायदा रद्द केला. खिशातला फोन बुकी झाला.

आता जाहिरातीत सांगतात त्या युक्त्या बघू. पहिली, दोन भावांच्या मधलं पकडायची. तुम्ही सुरुवातीला तगड्या संघावर 4 गुणांच्या फरकानं पैसे लावले. तो पंधरांनी पुढे गेला आणि चालू भाव 11 झाला. आता तुम्ही उलट बाजू घेता. शेवटी फरक 5 ते 10 राहिला तर दोन्हीकडून पैसे. नाही राहिला तर किरकोळ नुकसान. नेहमीच्या भावात 100 कमवायला 110 लावावे लागतात, तेव्हा हा डाव 21 पैकी एकदा साधला तरी हिशेब बरोबरीत सुटतो. ऐकायला झकास. पण चालू भावात 110 चे सहज 120 होतात. साध्या पैजेत 110 ला जिंकायचं प्रमाण 52.4 टक्के लागतं, 120 ला 54.5 टक्के. दोन टक्के म्हणजे काही नाही असं वाटेल, पण या धंद्यात आयुष्यभर घासून माणूस ते दोन टक्के मिळवतो.

दुसरी युक्ती ‘लय पकडा’. एखाद्या संघानं सलग बारा गुण केले की लोक त्याच्यावर तुटून पडतात. 1985 मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वेर्स्की यांनी फिलाडेल्फियाच्या खेळाडूंचे फेक तपासून ‘हात चालतो’ हा भास आहे असं मांडलं. 2018 मध्ये मिलर आणि सान्हुर्ह्यो यांनी त्या गणितातली त्रुटी दाखवली, म्हणजे थोडी लय असूही शकते. पण सट्टेवाल्याला त्याचा काय उपयोग? ते बारा गुण भावात आधीच आलेले असतात.

तिसरी युक्ती जुनीच, आधी कळणं. टीव्हीवर दिसतं ते काही सेकंद शिळं असतं, मोबाइलवर त्याहून शिळं. मैदानातून थेट आकडे कंपनीकडे जातात, आणि तुमची पैज स्वीकारायला कंपनी वर काही सेकंद लावते. तेवढ्यात बास्केट पडली तर पैज परत. त्या तारेवाल्या काळात निदान दोन्ही बाजूंना सारखीच वाट पाहावी लागे. आणि एवढं करून कुणी सातत्यानं जिंकलाच, तर त्याची पैजेची मर्यादा खाली आणतात. हरणाऱ्याला मात्र फुकट पैजेची भेट येते. यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

आता निकाल कुणाच्या हातात, या प्रश्नाकडे परत येऊ. 2007 मध्ये टिम डोनाही या एनबीएच्या पंचाचं प्रकरण निघालं. तो स्वतः पंच असलेल्या सामन्यांवरसुद्धा पैसे लावत होता, माहिती विकत होता. त्याला 15 महिन्यांची शिक्षा झाली. पण नव्या सट्ट्याला पंचाचीही गरज नाही, कारण आता पैज एकेका खेळाडूच्या गुणांवर, रिबाउंडवर लागते. टोरोंटोचा जॉन्टे पोर्टर हा राखीव खेळाडू. 20 मार्च 2024 रोजी तीन मिनिटं खेळला आणि तब्येतीचं कारण सांगून बाहेर पडला. त्याचे आकडे कमी राहतील यावर कुणीतरी 80,000 डॉलर लावले होते, 11 लाख मिळणार होते. रक्कम बघूनच कंपनीला संशय आला आणि पैसे दिले गेले नाहीत. एप्रिलमध्ये त्याला लीगनं जन्मभरासाठी काढलं, पुढे न्यायालयात त्यानं गुन्हा कबूल केला. जुगाराचं कर्ज डोक्यावर होतं. 1951 च्या पोरांना निदान सामन्याचा फरक सांभाळायला लागायचा, इतर चार जण सामील करून घ्यावे लागायचे. इथे एकट्यानं पोट धरून बसलं की काम झालं.

त्यानंतरच्या हंगामापासून अशा तात्पुरत्या आणि दुहेरी करारावरच्या खेळाडूंच्या ‘कमी’ आकड्यांवर पैजा घ्यायच्या नाहीत, असं लीग आणि कंपन्यांचं ठरलं. ‘जास्त’वरच्या पैजा तशाच ठेवल्या. आपल्याकडे 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. 1887 चा मुंबईचा जुगारबंदी कायदा होताच, आणि पावसावरचा सट्टा त्यातून निसटतो म्हणून 1890 मध्ये त्यात दुरुस्ती करावी लागली होती. त्या पावसाच्या सट्ट्यावर बोलायचं तर आणखी तासभर लागेल. प्रश्न असतील तर आता घेऊ या.