सातपाटी हे नाव कसे ऐकू येते

सातपाटीला आमच्या परिचयाचे एक वृद्ध तांडेल राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. होडी मुलांच्या हाती गेली, पण समुद्राची खबर घेण्याची सवय काही गेली नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी सोय त्यांच्या मोबाइलमध्ये आहे आणि ती मराठी बऱ्यापैकी वाचते. तरीही पावसाळ्याच्या तोंडावर एका कार्यालयाची सूचना त्यांनी उघडली, तेव्हा तो आवाज 'चित्र' एवढा एकच शब्द उच्चारून थांबला. सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो काढून पाठविलेला होता. कागदावर मराठी होती, शुद्धलेखनही ठीक होते. यंत्राच्या लेखी मात्र तेथे एकही अक्षर नव्हते. नातवाने सूचना वाचून दाखविली आणि त्यांचा प्रश्न मिटला. आमचा मिटला नाही.

सागरी इशाऱ्यांचा इतिहास हा बहुतांशी डोळ्यांचाच इतिहास आहे. १८६५ साली कलकत्ता बंदरात वादळाचे इशारे देण्याची पद्धत सुरू झाली आणि १८९८ पासून देशातील बंदरांसाठी एकसारखी चिन्हे आली : दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री तांबडे-पांढरे दिवे. बोलीभाषेत या सगळ्याला 'बावटा लागला' असे म्हणतात. बावटा आंधळ्याला दिसत नाही, हे खरे. पण बावटा लागल्याचे वृत्त माणसांच्या तोंडून पसरत असे, आणि पुढे आकाशवाणी आल्यावर ते थेट कानांवरच येऊ लागले. इंटरनेट हे यानंतरचे साधन. त्यात डोळा आणि कान या दोघांचीही सोय होण्याजोगी होती. नव्हे, ते साधन घडविणाऱ्यांनी तसे ठरविलेही होते. वेबचे नियम ठरविणाऱ्या संस्थेने १९९७ मध्ये अपंगांच्या सोयीसाठी स्वतंत्र उपक्रम आरंभिला आणि १९९९ च्या मे महिन्यात पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. चित्राला शब्दांचा पर्याय द्यावा, हे त्यांतले अगदी पहिले कलम.

मग मराठीत काय झाले? येथे साहित्याच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे, कारण यापुढची गोष्ट संगणकाची कमी आणि लिपीची अधिक आहे.

१९९० नंतरच्या दीड दशकात मराठी मजकूर बहुतेक ठिकाणी निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत लिहिला जाई. या फॉन्टांची युक्ती साधी होती. संगणक रोमन अक्षरच साठवी. फक्त त्या अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार दाखवी. कृतिदेव हा सर्वपरिचित फॉन्ट घ्या. त्यात 'सातपाटी' लिहिले तर डोळ्यांना सातपाटीच दिसे. संगणकाच्या पोटात मात्र 'एल, के, आर, आय, के, व्ही, एच' एवढीच अक्षरे असत, आणि वाचून दाखविणारे यंत्र तीच उच्चारणार! वृत्तपत्रे, मासिके, सरकारी पत्रके, सारे असेच. डोळस वाचकाला फॉन्ट नसला तर पडद्यावर कचरा दिसे आणि तो तक्रार करी. अंध वाचकाच्या वाट्याला तो कचरा फॉन्ट असतानाही येई. त्याच्या तक्रारीची दखल घेण्याचे कारण कोणाला वाटले नाही.

या सगळ्यात आम्हांस सर्वांत बोलकी वाटते ती ऱ्हस्व इकाराची गोष्ट. 'दिवस' लिहिताना आपण इकाराची वेलांटी 'द'च्या आधी काढतो. उच्चारताना मात्र आधी 'द्' येतो, मग 'इ'. जुने फॉन्ट डोळ्यांशी इमान राखीत. त्यांत वेलांटी आधी साठविली जाई, कारण कागदावर ती आधी दिसते. ब्रेलने मात्र फार पूर्वीच कानाची बाजू घेतली होती. लुई ब्रेलची पद्धत १८२९ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे १९०० साली ॲना मिलार्ड यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने मुंबईत अंधशाळा काढली (दादरची आजची कमला मेहता अंधशाळा ती हीच). तथापि भारतीय भाषांसाठी बराच काळ एकाहून अधिक ब्रेल लिप्या वापरात होत्या. १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' ही सामाईक पद्धत ठरली. तिच्यात वेलांटी असा प्रकारच नाही. 'द' आणि त्यानंतर 'इ', असे बोटाखाली क्रमाने येते.

संगणकाला हेच शहाणपण इस्की या भारतीय प्रमाणाने शिकविले. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिने देवनागरीसाठी इस्कीचाच आधार घेतला. मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवायचा, आणि वेलांटी पुढे नेऊन दाखविण्याचे काम पडद्यावर सोपवायचे, अशी ही योजना आहे. म्हणजे डोळस माणसांच्या संगणकाने अखेरीस ब्रेलचाच क्रम पत्करला. हे श्रेय ब्रेलला कोणी दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

प्रमाण १९९१ चे, पण आपण त्याकडे वळलो फार सावकाश. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तो युनिकोडमध्येच. मोठमोठ्या वृत्तपत्रांनी मात्र आणखी काही वर्षे जुनेच फॉन्ट चालविले. (सातपाटीकरांचा 'दर्या' आणि डोंगरांतल्या 'दऱ्या' यांतला भेदही सहज साधला नाही. मराठीचा तो अर्धा 'र' दोन निरनिराळ्या रीतींनी साठविता येतो. दिसतो तसाच, पण एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडतोच असे नाही.) १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. अंध वाचक आहे आणि त्याला वर्तमानपत्र हवे आहे, याचा तो पुरावाच होता. त्याच काळात शेकडो मराठी पाने नेटवर रोज प्रसिद्ध होत होती आणि त्यांतले फार थोडे त्याच्या कानांपर्यंत पोचत होते.

कायद्याची वाट थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शिका काढली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती सुगम असण्याला हक्काचे रूप दिले. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निर्णय दिला. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण न्यायालय कार्यालयाला सांगू शकते. आपल्या नियतकालिकांना आणि महाविद्यालयांना ते कोण सांगणार? जुन्या अंकांची पाने छायाचित्रे काढून नेटवर चढविली की आपण त्याला 'उपलब्ध करून देणे' म्हणतो. आम्हीही म्हणत आलो. विद्यार्थ्यांना आम्ही स्वतः वाटलेली कित्येक टिपणे कृतिदेवातली होती आणि नंतरची बरीचशी छायाप्रतींची. वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असतानाही आम्ही ती तशीच वाटली. मित्र वाचून दाखवतील, असे आम्ही गृहीत धरले होते. त्या विद्यार्थ्याने एकदाही कुरकूर केली नाही, हे आज आठवते तेव्हा बरे वाटत नाही.

असो. सातपाटीची पुढची हकिकत अशी की, त्यानंतर आलेल्या सूचनेच्या फोटोखाली नातवाने चार ओळी स्वतः टंकून गावातल्या सर्वांना धाडल्या. तांडेलांनी त्या दोनदा ऐकल्या. मजकूर समजला, पण 'जाळी' या शब्दावर ते अडले. यंत्राने तो 'ज' 'जय'मधल्यासारखा उच्चारला होता. लेखनात दोन्ही 'ज' एकच, हे आम्ही त्यांना समजावून सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "लिहिणाऱ्याला एक असेल. त्या बाईला सांगा, हा जाळ्यातला ज नव्हे."