डबा लहान, ताप महान

पंख्याची घरघर न सोसणारी माणसे असतात. आमच्या साहेबांना तर ती झोपेतही ऐकू येते! पण स्टीव्ह जॉब्ज यांच्या या नावडीची झळ चक्क यंत्रांना बसली. 1980 साली ‘ॲपल थ्री’ हा संगणक आला, तो पंख्याविना. ॲल्युमिनियमचा तळ उष्णता बाहेर टाकील, असा हिशेब. आत दाटी इतकी, की यंत्र तापे आणि चिपा बैठक सोडून वर येत. त्यावर सल्ला काय? यंत्र दोन-तीन इंच उचला आणि टेबलावर सोडा!

1984 चा मॅकिंटॉशही बिनपंख्याचाच. 1985 मध्ये जॉब्ज कंपनीबाहेर पडले आणि 1987 च्या ‘मॅकिंटॉश एसई’त पंखा आला. ते परतल्यावर 2000 साली ‘जी-फोर क्यूब’ निघाला: आठ इंची, देखणा, पुन्हा पंख्याविना! गरम हवा मधल्या पोकळीतून आपोआप वर जाई. युक्ती खरी, पण किंमत 1799 डॉलर. जुलै 2001 मध्ये उत्पादन थांबले.

आम्ही पडलो कॉमर्सवाले. उष्णता जेवढी जमा, तेवढी नावे पडलीच पाहिजे; बाकी उरली की खाते तापते. तेव्हा लहान डबा घेताना रंग मागाहून बघा. आधी बघा, समोर जाळी आहे का, मागे-वर वाट आहे का, सावकाश फिरणारा मोठा पंखा मावतो का. चाळीच्या दोन खोल्यांत दहा माणसे नांदतात, ती समोरासमोरच्या खिडक्यांच्या जिवावर!