पिचरची गुणनोंद (बेसबॉल)

बेसबॉल सामन्यातील प्रत्येक पिचरच्या कामगिरीची अधिकृत गुणलेखकाने ठेवलेली नोंद. एका डावात तीन खेळाडू बाद होतात, म्हणून प्रत्येक बाद एक-तृतीयांश डाव धरतात. सहा डाव व दोन बाद ६.२ असे लिहितात. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा ‘अर्जित’ धावांत मोजत नाहीत. पिचर बदलताना बेसवर असलेल्या धावकाने पुढे धाव काढल्यास ती सामान्यतः आधीच्या पिचरच्या खात्यावर पडते. अर्जित धावांना ९ ने गुणून टाकलेल्या डावांनी भागल्यास अर्जित धावसरासरी मिळते. ती जितकी कमी, तितकी कामगिरी सरस. विजयाच्या श्रेयासाठी सुरुवातीच्या पिचरला साधारणपणे किमान ५ डाव टाकावे लागतात. आघाडी टिकवणाऱ्या अखेरच्या पिचरला मिळणारा ‘सेव्ह’ मेजर लीगमध्ये १९६९ पासून अधिकृत आहे.