कागदावर तगलेले काउबॉय

जुन्या काउबॉयपटांचे शौकीन ज्या मूकपटांवर जीव टाकतात, त्यांतले बरेचसे कुणा रसिकाने जपले म्हणून उरलेले नाहीत. ते उरले चोरीच्या धास्तीमुळे.

अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात 1912 पर्यंत चित्रपटाला वेगळी जागाच नव्हती, छायाचित्राला होती. त्यामुळे एडिसनच्या कंपनीतल्या डिक्सनने जानेवारी 1894 मध्ये एका माणसाच्या शिंकेची फीत छायाचित्र म्हणून नोंदवली. पुढे कंपन्या अख्खा चित्रपट फोटोच्या लांबलचक कागदावर छापून त्याची गुंडाळी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करू लागल्या. धास्ती खोटी नव्हती. एडविन पोर्टरचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ 1903 मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या लुबिन या निर्मात्याने त्याच नावाची नक्कल बाजारात आणली. दरोड्याच्या गोष्टीवरच दरोडा! (मुळातला ‘पश्चिम’ही खरा नव्हताच, चित्रीकरण पूर्वेच्या न्यू जर्सीत झाले होते.)

1912 मध्ये कायदा सुधारला आणि कागदाची गरज संपली. आता नोंदणीला फिल्मच चाले, पण नायट्रेटची ती फिल्म भडका घेणारी, म्हणून लायब्ररी ती निर्मात्यांकडे परत पाठवी. तिथे रिळे जळाली, कुजली, चांदी काढण्यासाठी वितळवली गेली. परिणाम उफराटा झाला. पहिला काउबॉय तारा ब्रॉन्को बिली अँडरसन, त्याचे शेकडो छोटे चित्रपट. त्यांतले कितीतरी आज सापडत नाहीत. दिग्दर्शक ग्रिफिथचा 1908 चा ‘द रेडमन अँड द चाइल्ड’ मात्र कागदावर उतरला होता म्हणून बघता येतो.

त्या कागदी गुंडाळ्या दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लायब्ररीतल्या हॉवर्ड वॉल्सच्या नजरेस पडल्या. कागद आक्रसलेला, वेटोळे धरलेला; प्रोजेक्टरवर चढवणे अशक्य. 1950 च्या दशकापासून केम्प नायव्हरने एकेक चौकट कॅमेऱ्याने टिपत 3,000 हून अधिक चित्रपट 16 मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवले. त्याच्या या पद्धतीला 1955 च्या सोहळ्यात मानद ऑस्कर मिळाले. काम थोर, पण प्रती धूसर. संग्राहकांत फिरल्या त्याच, आणि सुरुवातीचे चित्रपट मुळातच ओबडधोबड, असा समज त्यांनीच पसरवला. लायब्ररीने पुढे त्याच कागदांवरून 35 मिलिमीटरच्या प्रती काढायला घेतल्या, तेव्हा त्या कॅमेरामनांचे कसब उघड झाले.

तेव्हा संग्रह करायचा असेल, तर नुसत्या नावावर जाऊ नका. हातातली प्रत कशावरून काढली आहे, ते आधी विचारा.